कातडीला कळलेलं कूळ

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गळ्यात घातलेला हार शेवंतीचा होता. अथणी तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. खोलीला जागा आप्पांनी दिलेली, म्हणून सत्कार. पिवळीधमक, दाट ओवलेली शेवंती. भाषणं लांबली, पण आप्पांनी हार काढला नाही. गावानं घातलेला हार लगेच उतरवून ठेवणं त्यांना बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मानेभोवती, जिथं जिथं फुलं टेकली होती तिथं तिथं, लालबुंद पट्टा उठला. गळ्यात हाराची रेघ ओढून ठेवावी तसा.

त्याआधी तीन वर्षं त्यांना खाज होतीच. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराच्या आतली घडी. मानेची कातडी जू घासून घासून खांदा आलेल्या बैलासारखी जाड आणि काळपट झाली होती. जवळच्या एका दवाखान्यात गजकर्ण म्हणून मलमं देत होते. एक ट्यूब संपली की दुसरी. आप्पा बेळगावला माझ्याकडं पंधरा दिवस राहिले की बरं वाटायचं, गावी परतून रानात गेले की आठवड्यात पुन्हा सुरू. आम्ही म्हणायचो, शहरातलं पाणी मानवतंय. रानात काय आहे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारलाच नाही. मी बेळगावच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. हा प्रश्न सगळ्यांत आधी मला पडायला हवा होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

हाराच्या त्या पट्ट्यानं मात्र डोक्यात लख्ख पडलं. शेवंतीचं कुल कोणतं? सूर्यफुलाचं. आमच्या रानाच्या बांधावर, वाटेच्या दोन्ही अंगांना, पडीक वावरात कंबरभर वाढलेलं गाजरगवत कोणत्या कुलातलं? त्याच.

मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर छोट्या छोट्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत कशाचा तरी अर्क. दोन दिवस अंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आप्पा अठ्ठेचाळीस तास माझ्या मिरजेच्या नणंदेच्या घरी पंख्याखाली बसून राहिले. पट्ट्या काढल्या तेव्हा गाजरगवताच्या जागी फोड उठला होता आणि शेवंतीच्या जागी त्याहून जरा फिका लाल डाग. बाकी पाठ कोरी. डॉक्टरांनी सांगितलं, गाजरगवतानं कातडी एकदा बिथरली की ती त्याच्या नात्यातल्यांनाही ओळखायला लागते. शेवंती, गोखरू, कुणाला झेंडू, कुणाला सूर्यफूल.

आप्पांनी शर्ट घालता घालता विचारलं, "नात्यातली म्हणजे? शेवंती आणि काँग्रेस? कुठली शेवंती, कुठलं ते!"

आमच्या भागात त्या तणाला काँग्रेस म्हणतात. मराठी बायाही म्हणतात, कानडी बायाही म्हणतात. नावाबद्दल दोन्ही भाषांचं एकमत झालेली अशी झाडं आमच्याकडं थोडीच. करडईला पलीकडच्या वावरात कुसबी म्हणतात, कारळ्याला गुरेळ्ळू.

तर कुळाचं. आप्पांच्या लेखी कूळ म्हणजे एक तर लग्नाच्या बैठकीत विचारतात ते, नाही तर कूळकायद्यातलं. वनस्पतिशास्त्रातलं कुल त्या दोन्हींपेक्षा वेगळं असलं तरी पहिल्याच्या जवळचं आहे. रक्ताचं नातं, फक्त काही कोटी वर्षांमागचं. मिरजेहून परत येताना गाडीत मी त्यांना घरातली यादी सांगितली. डोक्याला लावता ते माक्याचं तेल. सुगीच्या आधी खाता ती करडईची कोवळी भाजी. भाकरीबरोबरची कारळ्याची चटणी. खुरपं लागल्यावर जखमेवर चोळता तो दगडी पाला. देवाला झेंडू, वेणीत शेवंती. माळावरची ती निळसर काटेरी चेंडूंची उटकटारी. आणि काँग्रेस. सगळं एकाच कुलातलं. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोठं घर आहे."

मोठं म्हणजे किती, तर पंचवीस-तीस हजार जाती. फुलझाडांच्या सगळ्यांत मोठ्या कुलांत ऑर्किडच्या जोडीनं याचं नाव येतं. जुन्या पुस्तकांत याला कंपॉझिटी म्हणत, आता बहुतेक ॲस्टरेसी म्हणतात, दोन्ही नावं ग्राह्य आहेत. आणि या घराची खूण अशी आहे की आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नसतंच. तो फुलांचा अख्खा मेळावा असतो, त्याला मराठी पुस्तकांत स्तबक म्हणतात. सूर्यफुलाची पिवळी 'पाकळी' हे एक स्वतंत्र फूल आहे आणि मधल्या तबकडीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल आहे. बाहेरची ती किरणपुष्पकं, आतली ती बिंबपुष्पकं. वर्गात मी हे दरवर्षी शिकवायची आणि दरवर्षी पुढच्या बाकावरची एखादी मुलगी केसांतली शेवंती काढून तिच्याकडं नव्यानं बघायची. त्या एका क्षणासाठी मला तो धडा फार आवडायचा.

उटकटारीनं तर यावरही कडी केली आहे. तिच्या चेंडूतलं प्रत्येक फूल हा एका फुलाचा वेगळा मेळावा आहे, प्रत्येकाला स्वतःचं, बारीक पानांचं कुंपण, आणि असे शेकडो एकेकटे मेळावे पुन्हा एका चेंडूत बांधलेले. आधी घर एका माणसाचं केलं आणि मग त्या घरांचं गाव वसवलं.

हे सगळं बाहेरून दिसत नाही. तो चेंडू आणि सूर्यफूल शेजारी ठेवले तर कोण म्हणेल भाऊबंद आहेत? म्हणून मला आंरी कासिनी या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पॅरिसमधलं खगोलशास्त्रज्ञांचं घराणं, शनीच्या कड्यांमधल्या फटीला ज्यांचं नाव आहे ते कासिनी. आकाश बघणाऱ्या त्या घरातला हा मुलगा पेशानं न्यायाधीश झाला आणि आवडीनं या एकाच कुलाच्या मागं लागला. १८१२ पासून पुढची वीस वर्षं त्यानं दुर्बिणीऐवजी भिंग धरलं. झाड उंच की बुटकं, काटेरी की मऊ, फूल पिवळं की निळं, यावर त्यानं भर दिला नाही. त्यानं पाहिलं ते बिंबपुष्पकाच्या आत. या कुलात पाच पुंकेसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून नळी करतात. त्या नळीतून स्त्रीकेसराची दांडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी वर येते आणि पराग बाहेर ढकलते. मग तिचं टोक दुभंगतं. त्या दुभंगलेल्या टोकांवर लव कुठं आहे, ओलसर पट्टी कडेला आहे की मध्ये, इतक्या बारीक गोष्टींवरून त्यानं कुलाचे वीसेक गट पाडले. १८३२ मध्ये पॅरिसमधल्या कॉलऱ्यात तो गेला. त्याचे बरेचसे गट आजही थोड्याफार फरकानं टिकून आहेत.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९८७ मध्ये, जान्सेन आणि पामर या दोन संशोधकांनी या कुलातल्या झाडांच्या हरितकणांमधला डीएनए तपासला. एक मोठा तुकडा, सुमारे २२ हजार अक्षरांचा, उलटा बसलेला सापडला. सूर्यफूल, शेवंती, करडई, गाजरगवत, सगळ्यांत उलटा. फक्त एक छोटा गट निघाला ज्यात तो बाकीच्या वनस्पतींसारखा सुलटा होता: दक्षिण अमेरिकेतली बार्नाडेसिया आणि तिची भावंडं. अँडीज पर्वताच्या अंगाखांद्यावरची काटेरी झुडपं आणि थोडी झाडं. म्हणजे आधी ही फांदी वेगळी निघाली आणि मग कुणा एका पूर्वजात तो तुकडा उलटला, आणि त्याच्या साऱ्या वंशात तसाच राहिला. पॅटागोनियातल्या साडेचार-पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात या कुलाच्या स्तबकाचा ठसाही मिळाला आहे. पावसाळी रोपटी आणि बागेतली फुलं म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांच्या घराण्याची ही सगळ्यांत जुनी शाखा अशी काटेरी झुडपांची. आप्पांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना डीएनएचं काही वाटलं नाही, पण "मूळचं काटेरीच म्हण की" हे त्यांना पटलं. त्यांनी आयुष्यभर करडई काढली आहे. पायांना गोणपाट बांधून, हाताला फडकं गुंडाळून.

आता ज्या झुडपामुळं हा लेख लिहायला बसले ते. माझा भाचा ॲरिझोनात टुसॉनला असतो. मार्चमध्ये त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: खडकाळ उतारावर पांढुरक्या पानांची गोल गोल झुडपं आणि प्रत्येकावर लांब देठांवर पिवळी फुलं, जणू टोपलीत उदबत्त्या खोचल्या आहेत. "मावशी, हे सूर्यफूलच आहे ना? अशा वाळवंटात?"

एन्सेलिया फॅरिनोसा. फॅरिनोसा म्हणजे पीठ भुरभुरल्यासारखी. पानांवरची पांढुरकी झाक ही बारीक केसांची लव आहे, आणि ती ऊन परतवते. पाऊस झाल्यावर आलेली पानं मोठी आणि हिरवट असतात. ओल सरत गेली की नवी पानं लहान येतात आणि त्यांच्यावरची लव दाट होत जाते. उन्हातला मोठा भाग पानात शिरायच्या आधीच परत जातो, पान तापत नाही, आणि गार राहण्यासाठी पाणी उडवावं लागत नाही. हिच्याच प्रजातीतली, म्हणजे कुलाच्या आतल्या छोट्या गटातली, एक बहीण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहते, तिथं धुकं असतं, आणि तिची पानं हिरवीगार, जवळजवळ बिनकेसांची. एकच घर, एकीनं पांढरं लुगडं नेसलं, दुसरीनं हिरवं. फॅरिनोसाच्या खोडातून राळ झिरपते. स्पॅनिश बोलणारे लोक या झुडपाला इन्सिएन्सो म्हणतात, म्हणजे धूप, कारण ती राळ त्यांच्या चर्चमध्ये जाळत.

मी भाच्याला लिहिलं, आता खाली बघ, कमी देखणं काय आहे ते. वाळवंटातली देखणी झुडपं सगळेच बघतात. त्यानं दुसऱ्या रविवारी आणखी फोटो पाठवले. त्यात करड्या रंगाचं, गुडघाभर, काड्यांच्या मोळीसारखं एक झुडूप होतं. अँब्रोशिया ड्युमोसा. याला किरणपुष्पकंच नाहीत. पाकळ्या दाखवून कुणाला बोलवायचं नसतं, पराग वाऱ्यावर सोडायचे असतात. नरफुलांचे मेळावे वेगळे, मादीफुलांचे वेगळे. हे झुडूप फुलांसाठी कुणी लक्षात ठेवणार नाही, पण याच्या मुळांविषयी १९९१ मध्ये महॉल आणि कॅलवे या संशोधकांनी जे दाखवलं ते मी विसरू शकत नाही. एका अँब्रोशियाचं मूळ दुसऱ्या अँब्रोशियाच्या मुळाला टेकलं की त्याची वाढ मंदावते, थांबते. पण स्वतःच्याच दुसऱ्या मुळाला टेकलं तर थांबत नाही. डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत, आणि जमिनीखाली अंधारात झाडाला आपलं आणि परकं कळतं.

आणि या झुडपाचं नाव! अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांनी ते फ्रान्सेरिया या प्रजातीत घातलं होतं. १९६४ मध्ये पेन यांनी फ्रान्सेरिया मोडून तिची झाडं अँब्रोशियात आणली. त्याच वाळवंटात त्याचा एक शेजारी आहे, ओढ्याच्या वाळूत वाढणारा. त्याच्या फळाला काट्यांऐवजी पातळ पंख असतात, म्हणून त्याला हायमेनोक्लेआ असं वेगळं घर दिलं होतं. २००२ मध्ये तोही अँब्रोशियात आला, कारण पंख काय आणि काटे काय, दोन्ही त्या मादीफुलाभोवतीच्या कुंपणाचेच भाग. वाळवंटातल्याच आणखी एका पिवळ्या फुलाच्या झुडपाला १८१४ मध्ये क्रायसोकोमा म्हटलं, मग बरीच वर्षं ते क्रायसोथॅम्नस होतं, १९९३ पासून एरिकामेरिया आहे. भाचा वैतागला, "मग शिकायचं तरी कोणतं नाव?"

बेळगावच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. माझे आप्पा मुंबई इलाख्यात जन्मले, शाळेत असताना १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात आले, पुढं राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि २०१४ पासून जिल्ह्याचं नाव कागदोपत्री बेळगावी आहे. या सगळ्यात आप्पा त्यांच्या विहिरीच्या थारोळ्यापासून हलले नाहीत. अँब्रोशियाही तिथंच आहे. पण एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. झाडाचं नाव बदलतं ते कुणीतरी पुन्हा जवळ जाऊन, फळ फोडून, नातं नव्यानं तपासलं म्हणून. त्या बदलामागं सर्वांना दाखवता येईल असा पुरावा असतो. म्हणून त्याचा राग येत नाही.

अँब्रोशियाचं नाव मला आणखी एका कारणानं जवळचं. ज्या उपगटात ती आहे त्याच उपगटात आपलं गोखरू आहे, जनावरांच्या शेपटीत अडकणारं, आणि त्याच उपगटात पार्थेनियम, म्हणजे गाजरगवत. आणि पार्थेनियम प्रजातीत आणखी कोण आहे, हे मी भाच्याला मुद्दाम शेवटी सांगितलं.

ग्वायूले. पार्थेनियम अर्जेंटेटम. मेक्सिकोच्या उत्तरेला आणि टेक्सासच्या कडेला, चुनखडीच्या कोरड्या उतारांवर वाढणारं झुडूप, अर्जेंटेटम म्हणजे चांदीची कळा असलेलं, पानं रुपेरी. आपल्या काँग्रेसचा सख्खा भाऊ. हा भाऊ रबर देतो. रबराच्या झाडाला चीर देऊन चीक गोळा करतात तसं इथं नाही. ग्वायूलेचं रबर सालीतल्या आणि मुळातल्या पेशींमध्ये कोंडलेलं असतं, त्यामुळं झुडूप कापून, चेचूनच ते काढावं लागतं. थंडीच्या रात्री वाढल्या की ते जास्त साठतं. १९४२ मध्ये जपाननं आग्नेय आशियातले मळे ताब्यात घेतले आणि अमेरिकेचं रबर बंद झालं, तेव्हा तिथल्या सरकारनं तातडीची योजना काढून हजारो एकरांवर ही झुडपं लावली. कॅलिफोर्नियातल्या मांझनार इथल्या छावणीत नजरकैदेत ठेवलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांनीही ग्वायूलेवर प्रयोग केले. ज्यांना शत्रू समजून तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांनी त्या देशासाठी झुडपातून रबर काढून दाखवलं. युद्ध संपल्यावर लागवडीही मोडल्या. आज त्या रबराकडं पुन्हा लोक वळले आहेत, कारण नेहमीच्या रबरातल्या प्रथिनांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना याच्या चिकाचे हातमोजे चालतात.

एका भावानं कातडी सोलावी आणि दुसऱ्याच्या हातमोज्यांनी कातडी राखावी! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आप्पांच्या मानेवर सूड घेणारी गोष्ट आणि ही, एका मुळाची. बांधावरच्या त्या झाडावर नुसता राग धरून बसणं मला त्यानंतर जमलं नाही.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा भिंग आणि दाढीचं पातं बरोबर नेलं. रबरी मोजे घालून बांधावरून गाजरगवताची एक फुललेली काडी आणली आणि सोप्यात कागदावर ठेवली. आप्पांना तीन हात लांब बसवलं. "काय बघायलीस गं एवढं त्यात?" ते विचारत होते.

पांढरं फूल ज्वारीच्या दाण्याएवढं. त्याला पाच कोन दिसतात, ती पाच किरणपुष्पकं, प्रत्येकाची पाकळी इतकी आखूड की भिंगाशिवाय ठिपका वाटावा. मध्ये बिंबपुष्पकं, मी मोजली त्यात छत्तीस. ही आतली सगळी फुलं फक्त पराग देतात, बी धरत नाहीत. बी फक्त बाहेरच्या पाचांना. म्हणजे एका फुलात पाचच बिया. आणि तरी एका जोमदार रोपाला १५ ते २५ हजार बिया होतात, यावरून फुलं किती असतील ते समजा. पात्याच्या टोकानं एक पिकलेली बी सोडवली. ती एकटी सुटत नाही. तिच्या दोन्ही खांद्यांना एकेक वाळलेलं बिंबपुष्पक चिकटलेलं असतं आणि पाठीशी कुंपणाचं एक पान. दोन्ही हात धरून नेलेल्या पोरासारखी ती बाहेर येते. ही या प्रजातीची खूण. ग्वायूलेची बीही अशीच, दोन वांझ फुलांना कवटाळून पडते. रान वेगळं, खंड वेगळा, एक हंगामी तण आणि एक वाळवंटातलं बारमाही झुडूप, एकाच्या अंगी विष आणि दुसऱ्याच्या अंगी रबर, आणि बी पाडायची तऱ्हा मात्र घरातली.

विष म्हणजे पार्थेनिन. पानांवरच्या बारीक केसांत ते असतं, वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यानं उडतो आणि पापण्यांवर, मानेवर बसतो. म्हणून काँग्रेसला हात न लावताही आप्पांना होत होतं. त्यांच्या आठवणीत हे तण बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात आलं, आधी सडकेच्या कडेला, मग वावरात. देशात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलं, अमेरिकी गव्हाबरोबर आलं असं लोक सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १८१४ मध्ये, कलकत्त्याच्या बागेच्या यादीत त्याचं नाव सापडतं. मूळ घर मेक्सिकोच्या आसपासचं, ग्वायूलेच्या शेजारचंच.

त्याचा शत्रूही तिथलाच. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी पट्टे असलेला भुंगा, झायगोग्रामा. १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला, पुढच्या वर्षी सोडला. पाऊस पडला की मातीतून वर येतो आणि गाजरगवताची पानं खातो. १९९० नंतर कर्नाटकात ओरड झाली की हा भुंगा सूर्यफुलावरही दिसतोय. सूर्यफूल म्हणजे आमच्या भागातलं नगदी पीक, लोक धास्तावले. चौकशी झाली. संशोधकांना दिसलं ते असं, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडलेले असले की भुंगा ते पान कुरतडतो, आणि सूर्यफुलावर त्याचा वंश धड चालत नाही. मला या घटनेत तीच जुनी ओळख दिसते. आप्पांच्या मानेला शेवंतीत काँग्रेस सापडलं, तसं भुंग्याला सूर्यफुलात सापडलं. कासिनीनं भिंगाखाली जे पाहिलं, ते कातडी आणि किडा यांना न शिकवता कळलं होतं.

घाटमाथ्यावर पावसाळ्यात फुलणारी सोनकीच्या जातीची एक छोटी पिवळी वनस्पती आहे. तिचं नाव सेनेसिओ बेलगॉमेन्सिस. रॉबर्ट वाइट यांनी वर्णन केलेल्या या रोपाला पुढं क्लार्क यांनी सेनेसिओत आणलं. म्हणजे या मोठ्या घरात आमच्या बेळगावच्या नावाचाही एक दिवा आहे. खानापूरच्या बाजूला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडं त्याला शोधायचं. आणि त्याच जिल्ह्यात अथणी-रामदुर्गाकडं पाचसहाशे मिलिमीटरवर आमची उटकटारी आणि करडई उभी असते, करडईचं सोटमूळ काळ्या रानात माणसाच्या उंचीपेक्षा खोल जाऊन ओल शोधतं. एका दिवसात बस बदलत मी दोन्ही टोकं पाहू शकते. असा जिल्हा वाट्याला आला, हे मी माझं भाग्य मानते.

आप्पांची कातडी आता बरीच निवली आहे. औषध चालू आहे, पण खरा गुण आला तो बांध साफ केल्यावर. फुलायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना, मोजे घालून, नाकाला फडकं बांधून मुळासकट उपटायचं, आणि रिकाम्या झालेल्या जागी तरोट्याचं बी फेकायचं म्हणजे पुढच्या पावसात तरोटा जागा धरतो. गेल्या जुलैत चार बाया आणि मी मिळून तीन दिवसांत बांध मोकळा केला. त्या बायांनाही मी कोपरापर्यंतचे मोजे दिले. हौसाक्का म्हणाली, "आमचं कातडं जाड असतंय, बाई," तर तिला आप्पांनी स्वतःची मान दाखवली. तिनं मुकाट्यानं मोजे चढवले.

दिवाळीत भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो कुठल्याशा वनस्पती उद्यानात उभा होता आणि त्याच्यामागं रुपेरी पानांची झुडपांची ओळ होती. "आज्जा, हे बघा, तुमच्या काँग्रेसचा भाऊ!" आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"पाऊस किती पडतो रे तिकडं?"

"वर्षाला अकरा-बारा इंच, आज्जा."

"आमच्याकडं बावीस." ते थोडा वेळ गप्प. "जमीन कसली?"

"खडी. मुरमाड."

फोन संपल्यावर ते सोप्याच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. समोर करडईचं वावर, त्याच्या पलीकडं आमचा माळ, जिथं काहीच येत नाही म्हणून आजवर नांगर घातला नाही.

"तुझं ते रबराचं झुडूप," ते म्हणाले, "काळ्या रानात नाही म्हणत मी. माळावर?"

मी सांगितलं की त्याच्या सालीतल्या राळेतही कातडीला चावणारं काहीतरी असतं, तुमच्या मानेला ते ओळखायला वेळ लागणार नाही. त्यांनी मान हलवली. पण नजर माळावरच होती. मग त्यांनी भिंग मागून घेतलं आणि दारातल्या झेंडूचं एक फूल तोडून, हात लांब धरून, पाकळ्या मोजायला सुरुवात केली.